छातीचे शंभर फोटो

यवतमाळच्या एका मेडिकल कॉलेजात एक्स-रे टेक्निशियनच्या कोर्सचा पाच वर्षांचा आराखडा ठरून राह्यला होता. परीक्षेआधी हरेक पोट्ट्यानं छातीचे शंभर फोटो काढलेच पायजे, नाही तं कोर्स बंद, असा वरून कागद आलता. एवढे पेशंट आणाचे कुठून, म्हणून विभागप्रमुख अनघा मॅडम डोक्याले हात लावून बसल्या होत्या.

वीस वर्षांपासून पोरांले मशीन शिकवणाऱ्या प्रेमसिंगनं तोड काढली. "मॅडम, परीक्षा दरसाल दिवाळीनंतर घ्या. पोळा झाला, आता कपाशीवर फवारणी जोरात चालन. फवाऱ्याचं औषध नाकातोंडात जाऊन चढलेले माणसं रोज गाडीभर येतात. फोटो काढू काढू पोट्टे थकतीन."

मॅडमनं लगेच लिहून घेतलं. मंग पेन थांबलं.

"पण प्रेमसिंग, लोक आता सावध झाले असतील. या वर्षी नाहीच आले तर?"

प्रेमसिंगनं गार झालेला चहा एका घोटात संपवला.


"येतीन न मॅडम. माहा लहाना भाऊच आज सकाळी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन निघाला."