कान जागे

बाळंतपणाची रजा संपली होती. उद्यापासून मला पुन्हा प्रयोगशाळेत डॉल्फिनची जनुकं तपासायची होती, आणि बाळ सासूबाईंच्या भरवशावर. त्या तर भरदुपारी पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून चक्क घोरत होत्या!

"आई, झोपलात?"

"छे गं! डोळा लागला जरा. कान जागेच आहेत."

मी वैतागले. "ते डॉल्फिनांना जमतं. पाण्यात राहता राहता त्यांची झोपेच्या संप्रेरकाची जनुकंच निकामी झाली. अर्धा मेंदू झोपतो, अर्धा पिल्लावर लक्ष ठेवतो."

उत्तर घोरण्यातच आलं.

मी अंगठ्याची दोरी सोडून बाळाला उचललं. ते कुरकुरलं.

सासूबाईंचं घोरणं थांबलं नाही, पण दोरी सुटलेला पाय भराभर हलू लागला.

मी बाळाला पाळण्यात ठेवलं आणि दोरी पुन्हा बांधली.