हाताने तपासा

“हे मशीनमध्ये जाणार नाही,” बाई म्हणाल्या. “हाताने तपासा.”

विमानतळावरच्या तपासणीच्या रांगेत मागे उभ्या वेल्डरने कपाळावर हात मारला. त्याने पट्टा काढला होता, पोलादी चवड्याचे बूट काढले होते, खिशातली चिल्लर ट्रेमध्ये ओतली होती. आणि आता मोजे घातलेल्या पायांनी तो एका पिकल्या केसांच्या बाईच्या निळ्या डब्यामागे खोळंबला होता.

“आत पाणी आहे का?” अधिकाऱ्याने विचारलं.

“पातळ आहे. शंभर मिलीच्या मर्यादेपेक्षा जास्तच आहे. हे पत्र वाचा.”

पत्र वाचलं गेलं, फोन झाला, हातमोजे आले. अधिकाऱ्याने झाकण उघडून आत बघितलं आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. “या मावशी.”

वेल्डरला घाई होती. तीन विमानं बदलून घर गाठायचं होतं. त्याची आठ वर्षांची चिंगी दोन महिन्यांपासून हॉस्पिटलात होती आणि उद्या दुपारी तिच्यावर मोठा उपचार होता. कसला, ते त्याला धड कळलं नव्हतं. कारखान्याच्या आवारात रेंज जेमतेम. डॉक्टरांचं बोलणं बायको सांगायची, त्यातलं निम्मं वाऱ्यावर जायचं. ‘ऑपरेशनच समजा,’ ती शेवटी वैतागून म्हणाली होती. पुढचं वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आलं होतं. चिंगी म्हणते, बाबा आल्याशिवाय मी कुणाला हात लावू देणार नाही.

दुसऱ्या विमानतळावर पुन्हा तीच रांग, पुन्हा पुढे तोच निळा डबा. तो हाताने तपासून सुटला. वेल्डरची पिशवी मात्र अडकली. तिच्यात काचेचा गोळा होता. हलवला की आतल्या पाण्यात पांढरे कण भुरभुरायचे. चिंगीने फोटो बघून मागितला होता.

“यात पाणी आहे.”

“अहो, खेळणं आहे ते! मागच्या विमानतळावर चाललं की.”

“तिथलं तिथे. किती मिली आहे?”

“खेळण्यातलं पाणी कोण मोजत बसतं?”

“मग टाका.”

गोळा पिंपात गेला. वेल्डरचा तोल सुटला. “वा! त्या बाईंच्या डब्यातलं पातळ चालतं, माझ्या पोरीचं चालत नाही. पिकल्या केसांना सूट आहे वाटतं!”

बाई वळल्या. “तुमचं खरं आहे, दादा. माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा होतो.”

हे त्या इतक्या हळू म्हणाल्या, की त्याच्या रागाला भांडायला कुणी उरलंच नाही.

विमानात दोघांच्या जागा शेजारी निघाल्या. बाईंनी डबा वर ठेवला नाही. पायांशी, दोन्ही घोट्यांत धरून बसल्या. जेवण नको म्हणाल्या. पाणीही नको.

“पाणी तरी घ्या, मावशी.”

“पाणी प्यायलं की उठावं लागतं. उठलं की डबा घेऊन उठावं लागतं.”

“असं आहे तरी काय त्यात? सोनं?”

“सांगायची परवानगी नाही.”

“बरं, कुणाला द्यायचंय?”

“तेही ठाऊक नाही. नाव विचारायचं नसतं. तिथे कुणीतरी येतं, सही करतं, डबा घेतं. मी परतीचं विमान धरते.”

“पैसे तरी बरे देत असतील.”

“चहापाण्यापुरते देतात.” बाई हसल्या. “आणि चहा मी घेत नाही. ही एकोणचाळिसावी खेप.”

वेल्डरने आपले पाय डब्यापासून आवरून घेतले. रंगाखाली झाकला जाणारा सांधासुद्धा नेटका जोडणारी माणसं त्याने उभ्या जन्मात दोन-तीनच पाहिली होती.

तिसऱ्या विमानतळावरचा अधिकारी नवा होता. त्याने पत्र उलटंसुलटं केलं आणि डबा पट्ट्यावर सरकवला. बाईंनी त्यावर दोन्ही हात ठेवले. आवाज चढवला नाही, हात काढले नाहीत.

“मशीनमधून गेलं की ते मेलं. हाताने तपासा.”

“नियम सगळ्यांना सारखा.”

“साहेब, वाचा की नीट!” हे वेल्डर बोलला होता. त्याचं त्यालाच नवल वाटलं. “दोन ठिकाणी वाचलं लोकांनी. इथेच काय शाई उडाली?”

वरिष्ठांना बोलावणं गेलं. ते आले, वाचलं, डबा सुटला. तोवर पाऊण तास झाला होता. दोघांचं विमान गेलं होतं.

वेल्डर बूट हातात घेऊन धावला. तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, तासाभरात एक विमान आहे, त्यात एकच जागा. त्यानंतरचं उद्या संध्याकाळी.

“द्या, द्या,” तो म्हणाला.

बाई मागून पोहोचल्या. त्यांनी ऐकलं, मान हलवली. कुणाशी हुज्जत घातली नाही. खुर्चीवर बसून डबा मांडीवर घेतला आणि घड्याळ बघितलं. मग डोळे मिटले. ओठ मात्र हलत होते.

“किती वेळ टिकतं हो ते?” वेल्डरने विचारलं.

“उद्या दिवस मावळेपर्यंत. तुम्ही जा दादा, तुमची लेक वाट बघत असेल.”

तो चार पावलं गेला. चिंगीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. मग तो परत फिरला, खिडकीवर तिकीट ठेवलं आणि म्हणाला, “ही जागा त्या मावशींच्या नावावर करा.”

बाई उठून उभ्या राहिल्या. हात जोडता येईनात. हातांत डबा होता. त्यांनी नुसतं वाकून नमस्कार केला.

विमान सुटल्यावर त्याने बायकोला फोन लावला. या वेळी आवाज स्वच्छ येत होता.

“मी उद्या रात्री पोहोचतो. चिंगीला तूच समजाव. आणि डॉक्टरांना सांग, माझ्यासाठी थांबू नका.”

“अहो, तुमच्यासाठी कोण थांबलंय?” बायको रडवेली झाली होती. “सगळ्यांचे डोळे विमानाकडे लागलेत. कुणा परक्या माणसाने चिंगीसाठी आपल्या हाडांतला मगज काढून दिलाय, आणि कुणी एक बाई तो डब्यातून घेऊन येतेय.”