न घेतलेला चहा

"पिऊन मेला, अन् आता मिलच्या नावानं बोंब."

मुकादम श्याम कोणाकडे न पाहता बोलला, पण कौशल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. अकोल्याच्या कामगार कोर्टाच्या व्हरांड्यात बाक एकच होता. एका टोकाला मिलची माणसं, दुसऱ्या टोकाला कौशल्या. मधे कोणी बसत नव्हतं.

तिनं तुळशीच्या माळेचा एक मणी पुढे सरकवला.

जानराव, तिचा नवरा, सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये बॉयलरवर होता. तीन वर्षांपूर्वी, जेठाच्या उन्हात कामावरच कोसळला आणि दवाखान्यात नेईस्तोवर संपला. डॉक्टरांनी उष्माघात लिहिला. चिरफाड घरच्यांनी करू दिली नाही. कोर्टानं भरपाई मंजूर केली, मिल अपिलात नागपूरला गेली, आणि हायकोर्टानं एका प्रश्नापुरतं प्रकरण परत पाठवलं. जानराव बॉयलरच्या धगीनं मेला, की आपल्याच काही कारणानं? धगीनं ठरलं तर भरपाई कायम. नाहीतर लेक अपेक्षानं अमरावतीचं नर्सिंगचं शिक्षण सोडून घरी यायचं.

"ऐका," तिची वकील दीपमाला खालच्या आवाजात म्हणाली, "ते दारूचं काढतील. पुरावा काडीचा नाही त्यांच्याकडे. तुम्ही फक्त 'नाही' म्हणायचं. एक शब्द जास्तीचा बोलायचा नाही."

"हो जी."

दीपमाला कागद घेऊन आत गेली, तसे मिलचे वकील निंबेकर पुढे आले. पिकले केस, कपाळाला गंध, हातात चहाचे दोन कप.

"घ्या वहिनी. भांडण आत. बाहेर कशाला?"

"नाई घेत जी. आज एकादशी हाये."

"चहासुद्धा नाही? कडक आहे तुमचं."

"हे तं काईच नाई. जेठातल्या मोठ्या एकादशीले आमच्याकडं पानीबी चालत नाई."

"घरातले सगळेच धरतात?"

कौशल्यानं बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. श्याम कान देऊन ऐकत होता.

"सारेच," ती म्हणाली.

"पुण्यवान घर आहे." निंबेकरांनी दोन्ही कप स्वतःच संपवले आणि खिडकीशी उभं राहून बराच वेळ मोबाइलवर कॅलेंडर चाळत राहिले.

आत आधी नागसेनला बोलावलं. बॉयलरवर जानरावच्या जोडीला असायचा तो. मिलच्या नोकरीत असूनही साक्षीला आला होता, म्हणून श्याम त्याला डोळ्यांनी खात होता.

"जानरावचं तुमचं पटायचं?" निंबेकरांनी विचारलं.

"सारा जलम एका डब्यात जेवलो साहेब आमी."

"बॉयलरजवळ थंड पाण्याचा कॅन असायचा?"

"असे, पन..."

"असायचा की नसायचा, एवढंच."

"असे."

"बस."

दीपमालानंही पुढे काही विचारलं नाही. पाण्याच्या कॅनचं कोणाला काय पडलं होतं! नागसेन जाऊन मागच्या बाकावर बसला.

मग कौशल्या उभी राहिली.

"जानराव दारू प्यायचे?"

"नाई."

"सणावाराला? पाहुणे आल्यावर?"

"नाई."

"त्या दुपारी त्यांचे डोळे लाल होते. पाय लटपटत होते. जीभ जड झाली होती. मुकादमांनी पाहिलंय. मुकादम खोटं बोलतात?"

"दारू नवती ते."

"बाई, नवरा जगापासून लपवत नाही, बायकोपासून लपवतो. गेटबाहेर गुत्ता आहे. तुम्ही घरी देवापुढे बसलेल्या, तुम्हाला काय ठाऊक? माळ तुमच्या गळ्यात होती. त्यांच्या गळ्यात काय होतं ते गुत्तेवाल्यालाच माहीत."

मागून श्याम फिदीफिदी हसला. दीपमाला उठून हरकत घेत होती, पण तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत कौशल्याचा आवाज चढला. पातूरच्या माहेरात किंवा अकोल्याच्या गल्लीत तो आवाज कोणी कधी ऐकला नव्हता.

"काहून त्याइले बदनाम करून राहिले तुमी? निर्जळा एकादशी होती त्या दिवशी! पहाटपासून पान्याचा थेंब नाई घेतला त्याइनं. मीबी उपाशी, तेबी उपाशी. अन् तुमी दारूची गोठ करता?"

मागच्या बाकावर नागसेन अर्धवट उठला. कौशल्यानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो हळूच खाली बसला.

"थेंबही नाही?" निंबेकरांनी मऊ आवाजात विचारलं.

"थेंब नाई."

"माळेवर हात ठेवून सांगता?"

तिनं माळेवर हात ठेवला. "सांगतो."

"लिहून घ्यावं साहेब. दारूचा मुद्दा आम्ही सोडला."

श्यामचं हसू विरलं. कौशल्याला वाटलं, भर कोर्टात आपण जानरावचं नाव गंगेच्या पाण्यानं धुऊन काढलं. तिनं मान वर करून दीपमालाकडे पाहिलं. दीपमाला हातातल्या कागदातून डोळे वर काढत नव्हती.

"साहेब," निंबेकर म्हणाले, "थंड पाण्याचा कॅन हाताशी होता, हे यांच्याच साक्षीदारानं सांगितलं. अकोल्याच्या उन्हात, बॉयलरपुढे, जानरावनं दिवसभर त्याला हात लावला नाही, हे त्याच्या बायकोनं शपथेवर सांगितलं. माणूस मिलच्या धगीनं गेला नाही. व्रतानं गेला. मला आणखी काही विचारायचं नाही."

कौशल्याचा हात माळेवर तसाच राहिला. त्या पहाटे जानराव चुलीपाशी बसून हसला होता, "तुही एकादशी तूच धर बाप्पा, मले बॉयलरपुढं उभं राहा लागते," आणि तिनंच त्याला दोन भाकरी, कांदा अन् बाटलीभर ताक बांधून दिलं होतं. मिलमधून त्याच्या चपलांसोबत डबा परत आला, तेव्हा डबाही रिकामा होता आणि बाटलीही.