हापशीकडचं एक माणूस

“सरपंचभाऊ, बसडेपो जंगलापल्याड नेला, तं वाघाले आमच्या शाळेचा टाइम कोण सांगन?”

मैत्रिणींनी पैज लावली होती म्हणून चैतालीने भर ग्रामसभेत हे विचारलंच. सगळे खो खो हसले. राइस मिलचे मालक तेवढे हसले नाहीत. धानाच्या ट्रकांसाठी त्यांना गावातली शाळेच्या बसगाड्यांची जागा हवी होती.

“पोरी, तू बारावी नाई केली तं गाव काय उपाशी मरन?” एवढंच ते म्हणाले.

मग गावच्या रीतीप्रमाणे मतासाठी माणसं वाटली गेली. डेपो हलवा म्हणणारे चिंचेखाली, नको म्हणणारे हापशीजवळ. मिलमध्ये पोती उचलणारे बाबा मान खाली घालून चिंचेखाली गेले, ते तिला समजलं. पण माय? घरून निघताना “मी हापशीकडंच जाईन” म्हणणारी माय बाबांना चिकटून चिंचेखालीच उभी होती.

चिंचेखाली बहात्तर, हापशीजवळ एकाहत्तर. डेपो गेला; आता शाळेची बस जंगलापल्याडूनच सुटणार.

घरी चैताली मायशी बोलेचना. शेवटी मायने ताट पुढे सरकवलं, तेव्हा तिचं मनगट दिसलं. हिरव्या बांगड्या फुटलेल्या आणि कातडीवर पाच बोटांचे वळ.

बाबा जेवण टाकून उठू लागले.

“बसा बाबा. उद्यापासून मी जंगलातून पायी शाळेत जाईन, वाघ असो का काई असो. आन् पुढच्या ग्रामसभेपर्यंत मले अठरा पुरे होतेत. तवा मायचा हात मी धरीन.”