एकच परवाना

होडी सोडताना दशरथ तांडेलानं सवयीनं हाळी दिली, "चला, आधी सुटणार!" उतारू हसले. आधी म्हणजे कुणाच्या आधी? खाडीवर आता त्याचीच होडी उरली होती.

सरकारनं नियम काढला, एका धक्क्यावर एकच परवाना. तो दशरथला मिळाला आणि हुसेन मुकादमाची होडी वाळूवर ओढली गेली. तरुणपणापासून दोघं एकमेकांचे उतारू पळवायचे, भांडायचे, पैलतीर आधी गाठायला जिवाचं रान करायचे. परवाना आला त्या दिवशी दशरथनं पेढे वाटले होते. आता होडी रोज गच्च भरायची, पण दिवसभरात त्याच्याशी भांडणारं कुणी नव्हतं.

आज लेकीकडे निघालेला हुसेन उतारू म्हणून चढला आणि दशरथकडे पाठ करून बसला.

पैलतीरी उतरताना हुसेन थांबला. "इतक्या सावकाश कधीपासनं हाकायला लागलास?"

"घाई कशाला करू?" दशरथ म्हणाला. "मागं टाकायला कोण आहे?"

हुसेन चढण चढू लागला. परतीचे उतारू कुरकुरू लागले, तरी दशरथ दोर न सोडता त्या चढणीकडे बघत राहिला.