पत्र्यावर गारा

"नोकरीचं बघू की पुढं," पोराची आई गोड हसून म्हणाली आणि स्वप्नालीनं पोह्यांचा ट्रे खाली ठेवला.

तिची एवढी एकच अट होती. दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडायची नाही. बघायला आलेला कागलचा विश्वजित मात्र मान खाली घालून पोहे चिवडत बसला. आईच्या ताटाखालचं मांजर दिसतंय, असं स्वप्नालीच्या वडलांनी, आकारामनी, मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

कोपऱ्यात कॉटवर केरबा आजोबा होते. इचलकरंजीत चाळीस वर्षं यंत्रमाग चालवले, त्यात कान गेले. कानाशी ओरडलं तरच त्यांना थोडंफार कळतं, असा घरच्यांचा समज. त्यामुळं त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. लाडक्या नातीचं लग्न म्हणून बिचारे पावण्यांची तोंडं बघत बसले होते.

तेवढ्यात वळवाचं वारं सुटलं. वीज गेली, शेजारचे माग थांबले आणि लिंबाएवढ्या गारा पत्र्यावर आदळायला लागल्या. काय तो आवाज! शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येईना. आकाराम पावण्यांची मोटारसायकल आत घ्यायला धावले. पत्रा गळायला लागला म्हणून स्वप्नाली बादल्या घेऊन स्वयंपाकघरात पळाली. खिडकीच्या उजेडात बसल्या जागी मायलेकरं एकमेकांशी काहीतरी बोलत राहिली. कुणी ऐकेल अशी भीतीच नव्हती.

गारा थांबल्या. निघताना पोराची आई दारात म्हणाली, "नोकरी करू दे की पोरगीला. आमची हरकत न्हाय."

पावणे गेले आणि आकाराम चिडले. घटकेत एवढा बदल कसा? आज हो म्हणतील, उद्या फिरतील. पोरगा तर मुका. स्वप्नालीला मात्र पोरगा मनातून आवडला होता.

"हो म्हणून कळवा," आजोबा म्हणाले.

आकारामनी त्यांच्या कानाशी वाकून ओरडून सांगितलं, की पोरग्यानं तोंडसुद्धा उघडलं नाही. आजोबांनी लेकाची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड आपल्यासमोर आणलं.

"उघडलं की. 'आई, ती नोकरी करणार. तू हो म्हण, न्हायतर मी लगीनच करत न्हाय,' असं म्हणाला. चारचौघांत आईचा मान राखला पोरानं. अरं, मागाच्या खडखडाटात आम्ही जल्मभर एकमेकांच्या ओठांवरचंच वाचलं. गारा पडत हुत्या तवा ह्या घरात फकस्त मलाच ऐकू येत हुतं."