लिश्टेनश्टाइनला एक पान

“लिश्टेनश्टाइनला एक पान बास झालं की, ताई,” विजयसिंह म्हणाले आणि त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. “पुस्तक आधीच जाड झालंय.”

राजारामपुरीतल्या त्यांच्या प्रकाशनाच्या ऑफिसात टेबलभर युरोपच्या प्रवासपुस्तकाची पानं पसरली होती. अनुजानं आणि तिच्या वडिलांनी, आबांनी, मिळून लिहिलेली. शेवटचं पान लिहून झालं आणि पंधरवड्यात आबा गेले. लिश्टेनश्टाइनची चाळीस पानं त्यांची होती.

“एवढ्याशा देशात जातंय कोण? बस थांबती. पासपोर्टवर शिक्का, एक फोटू, की चालले पुढं. इंग्रजी पुस्तकं बघा. दीड पानाच्या वर कोण लिवत न्हाय.”

आबांनाही सहलीवाल्यांनी तिथं अर्धा तासच दिला होता. पण कागलला जन्मभर म्हशी पाळलेला माणूस. डोंगरावरून गाईंच्या घंटा ऐकू आल्या आणि ते चढत सुटले. खाली येईपर्यंत बस निघून गेली होती. मग ते चार दिवस वरच्या एका गोठेवाल्याकडंच राहिले.

अनुजानं पिशवीतून भारतावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून पुढं ठेवलं.

“यात कोल्हापूर काढा.”

विजयसिंहांनी पान शोधलं. वाचताना मान कौतुकानं हलत होती, ती मध्येच थांबली.

“देऊळ, राजवाडा, चपला... अर्धा दिवस पुरे?” त्यांनी पान उलटलं. मागं गोवा सुरू झाला होता. “अर्धा दिवस? आमच्या कोल्हापूरला? आणि गंगावेशीतला दूधकट्टा कुठाय? म्हशीखाली पेला धरून धारंचं दूध पिलं न्हाय, त्यानं कोल्हापूर बघितलं म्हणायचं व्हय?”

“लिहिणाऱ्यालाही बस गाठायची असेल,” अनुजा म्हणाली. तिनं आबांचं पहिलं पान त्यांच्यासमोर सरकवलं.

त्या पानावरही पेला होता. आबांनी खुणेनं मागून घेतलेला, गाईखाली धरलेला. गोठेवाला आधी पोट धरून हसला. मग आपलाही पेला घेऊन आबांच्या शेजारी उकिडवा बसला.

विजयसिंह वाचत गेले. चहा आला, त्यावर साय धरली. फोन वाजून वाजून थांबला. चाळिसावं पान खाली ठेवून त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं, चांगलं दाबून.

“ह्यातली एक ओळ कापायची न्हाय.”

“पण पुस्तक जाड झालंय म्हणालात.”

“झालंयच की. फ्रान्स कापू.”

अनुजानं त्यांच्या हातातलं पेन घेतलं, टोपण काढलं आणि फ्रान्सची पानं पुढं ओढली. फ्रान्स तिनं लिहिला होता.